रंगातले विष : ताबा कुणाचा, जबाबदारी कुणाची?

एका घराला किती धनी असतात? घरपट्टीच्या पावतीवर नाव एकाचेच असते. परंतु घरासाठी कर्ज काढलेले असेल, तर घराचे मूळ कागद बँकेच्या किंवा पतसंस्थेच्या तिजोरीत असतात. जागा देवस्थानची अगर शिक्षणसंस्थेची असेल, तर तिचा कारभार विश्वस्तांच्या हाती असतो. आणि त्या चार भिंतींत प्रत्यक्ष राहणारा कित्येकदा भाडेकरू असतो. घर विकायचे, भाडे वसूल करायचे किंवा थकलेल्या कर्जापोटी कुलूप ठोकायचे, असा प्रसंग आला म्हणजे हे सारे धनी आपापला हक्क घेऊन पुढे येतात. पण त्याच घराच्या खिडकीवरील रंगाचे पोपडे तोंडात घालून एखादे रांगते मूल आजारी पडले, तर यांपैकी पुढे कोण येईल?

जुन्या तैलरंगांत शिसे असते आणि शिसे हे मुलांच्या मेंदूला बाधणारे विष आहे. या विषाची जबाबदारी घरमालकावर, कर्ज देणाऱ्यावर आणि विश्वस्तावर कितपत येते, याचा ऊहापोह अमेरिकेत गेली पन्नास वर्षे चालू आहे. आपल्याकडे शिशाच्या रंगाने रंगलेली दारे-खिडक्या आहेत, गहाणवटी आहेत, विश्वस्तसंस्थाही आहेत. फक्त हा प्रश्न कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखात तोच विचारावयाचा आहे.

रंगात शिसे कशासाठी?

शिसे आपल्याला परके नाही. मारुतीला लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचेच एक ऑक्साइड. जुन्या मलमांतले मुरदाडशिंग हेही शिशाचेच. रंगारी ज्याला सफेदा म्हणत, तो जुना सफेदाही शिशापासून तयार होत असे. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर शेंदरी रंगाचा पहिला हात देण्याची रीत होती. पिवळ्या, तांबड्या आणि हिरव्या ऑईलपेंटला तेजस्वी छटा यावी म्हणून शिशाची रंगद्रव्ये वापरीत. शिशामुळे रंग लवकर वाळतो, त्याची चकाकी टिकते आणि तो ऊन-पावसात तग धरतो. थोडक्यात, कारखानदाराला ते सोयीचे होते.

वऱ्हाडातील जुन्या मातीच्या घरांना पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात देत आणि जमीन शेणाने सारवीत. त्यात शिसे नव्हते. ते घरात शिरले ऑईलपेंटच्या डब्यातून. म्हणून धोका सगळ्या भिंतींवर सारखा पसरलेला नसतो. दारे, खिडक्यांच्या चौकटी, गज, जिन्याचे कठडे, लोखंडी फाटके, पाळणे आणि शाळेतली बाके ही त्याची ठिकाणे होत. रंग शाबूत असेपर्यंत तो फारसा बाधत नाही. पोपडे सुटू लागले किंवा खिडकीची झडप चौकटीला घासू लागली, की त्याची बारीक धूळ होते. ती जमिनीवर बसते, मुलाच्या हाताला लागते आणि हातावाटे तोंडात जाते. शिसेमिश्रित पोपड्याची चव गोडसर असते, हे आणखी एक दुर्दैव.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शरीरात शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही मात्रा आढळलेली नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी लहान मूल प्रौढाच्या चार ते पाच पट शिसे शोषून घेते. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर त्याहूनही अधिक. बाहेरून काही दिसत नाही. मूल चिडचिडे होते, त्याचे लक्ष टिकत नाही, अभ्यासात ते मागे पडते आणि आपण त्याच्या कपाळी ‘ढ’ असा शिक्का मारून मोकळे होतो. मेंदूची ही हानी बहुतांशी भरून येत नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातील सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात काळजी करण्याइतके शिसे आहे आणि त्यांपैकी सुमारे साडेसत्तावीस कोटी मुले भारतात आहेत. हे सारे शिसे रंगातून येते असे नाही. जुन्या बॅटऱ्या फोडून वितळविण्याचे धंदे आणि भेसळीचे मसाले यांचाही त्यात वाटा आहे. पण रंग हा घरातला, रोजच्या स्पर्शातला शत्रू आहे.

ही गोष्ट काल-परवा कळली असेही नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतात लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरांनी १९०४ साली दाखवून दिले होते, की तेथील मुलांना होणारी विषबाधा घराच्या व्हरांड्यातील रंगविलेल्या कठड्यांमुळे होते. तेथे १९२२ मध्ये त्याविषयी कायदा झाला. अमेरिकेने घरगुती रंगातील शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात केंद्र शासनाने पर्यावरण (संरक्षण) अधिनियमाखाली २०१६ मध्ये नियम केले आणि घरगुती व शोभेच्या रंगांत दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे नसावे, अशी मर्यादा घातली. नोव्हेंबर २०१७ पासून ती अमलात आली.

मात्र हे नियम डब्यातल्या रंगाविषयी आहेत. रंग तयार करणारा, आणणारा आणि विकणारा यांना ते बांधतात. २०१७ पूर्वीच जो रंग डब्यातून निघून खिडकीवर जाऊन बसला, त्याच्याबद्दल ते काही बोलत नाहीत. त्या रंगाचा धनी शोधण्यासाठी जुन्या, सर्वसाधारण कायद्यांकडेच जावे लागते.

विकणारा आणि भाड्याने देणारा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम हा १८८२ चा. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर विकणाऱ्याने घरातील महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगितला पाहिजे. मात्र तो दोष विकणाऱ्याला ठाऊक असला पाहिजे आणि खरेदीदाराला साधारण काळजी घेऊनही न सापडणारा असला पाहिजे. असा दोष दडविणे हे कपट होय, असेही तेच कलम म्हणते. कलम १०८ मध्ये भाड्याने देणाऱ्यावर जवळजवळ तसेच बंधन आहे. करारात वेगळे ठरले नसेल, तर ही बंधने लागू होतात.

शिशाचा रंग या वर्णनात चपखल बसतो. तो डोळ्यांना दिसत नाही. कितीही चौकस खरेदीदार असला, तरी नुसते पाहून त्याला शिसे ओळखता येणार नाही. परंतु सारी मेख ‘ठाऊक असला पाहिजे’ या शब्दांत आहे. मालकाने रंगाची तपासणी कधी केलीच नसेल, तर त्याला दोष ठाऊक नाही. आणि ठाऊक नाही म्हणून सांगण्याचे बंधनही नाही. म्हणजे डोळे उघडे ठेवणारा अडकतो आणि मिटून घेणारा सुटतो. या मुद्द्याकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

नजरगहाण आणि ताबेगहाण

आता कर्ज देणाऱ्याकडे वळू. वऱ्हाडात गहाण हा शब्द कोणाला शिकवावा लागत नाही. आपल्या भाषेने गहाणाचे जे दोन प्रकार केले आहेत, त्यांतच या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. नजरगहाणात घर मालकाच्याच हाती राहते; सावकाराची त्यावर नजर तेवढी असते. ताबेगहाणात घर सावकाराच्या हाती जाते आणि त्याचे भाडे तो घेतो.

नजर ठेवणाऱ्यावर घराच्या डागडुजीची जबाबदारी कायदा टाकीत नाही. ते रास्तही आहे. ज्याला खिडकी उघडण्याचा अधिकार नाही, त्याला खिडकीच्या रंगाचा जाब कसा विचारणार? परंतु ताबा घेतला की चित्र पालटते. त्याच अधिनियमाचे कलम ७६ सांगते, की गहाण घेणाऱ्याने ताबा घेतल्यावर सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालमत्तेचा सांभाळ करील तसा तिचा सांभाळ केला पाहिजे आणि कर व व्याज वजा जाता भाड्याच्या उत्पन्नातून होण्यासारखी आवश्यक दुरुस्तीही केली पाहिजे.

बँकांच्या बाबतीत २००२ चा सरफेसी कायदा आहे. कर्ज थकले, नोटिशीचे ६० दिवस उलटले, की न्यायालयात दावा न लावता बँक घराचा ताबा घेऊ शकते. सहकारी बँकांना हा कायदा लागू आहे की नाही, याविषयी बरीच वर्षे वाद होता. कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने २०२० मध्ये तो लागू असल्याचा निर्णय दिला. म्हणजे आता तालुक्याच्या गावची सहकारी बँकसुद्धा या मार्गाने घर ताब्यात घेऊ शकते. या कायद्याखालील नियमांतही ताब्यातील मालमत्तेची काळजी सामान्य शहाण्या मालकाप्रमाणे घ्यावी, असेच म्हटले आहे. शिवाय लिलावाच्या नोटिशीत खरेदीदाराला कळणे महत्त्वाचे वाटेल ते ते नमूद करावयाचे असते. ‘जसे आहे, जेथे आहे’ हे पालुपद लिलावाच्या जाहिरातींत नेहमी आढळते. पण माहीत असलेले विष त्या चार शब्दांखाली झाकण्याची मुभा कायद्याने दिलेली नाही, असे म्हणण्यास येथे भरपूर आधार आहे.

अमेरिकेत हा वाद अधिक स्पष्टपणे लढला गेला. तेथे विषारी कचऱ्याने दूषित झालेल्या जागांच्या सफाईसाठी १९८० साली कायदा झाला. गहाण घेतलेल्या कारखान्याच्या जागेबद्दल कर्ज देणाऱ्या कंपनीलाही जबाबदार धरता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला. १९९० मध्ये एका अपील न्यायालयाने म्हटले, की कर्जदाराच्या कारभारावर प्रभाव पाडण्याची क्षमता असली तरी पुरे. यावर बँकांनी मोठा गहजब केला आणि १९९६ मध्ये कायदा बदलला. आता नुसती क्षमता पुरत नाही. कर्ज देणाऱ्याने कारभारात प्रत्यक्ष भाग घेतला असला पाहिजे. हा कायदा जागेच्या प्रदूषणाचा आहे, भिंतीच्या रंगाचा नव्हे. परंतु त्यातले तत्त्व आपल्याला ओळखीचेच आहे. नजरगहाणवाला मोकळा आणि ताबेगहाणवाला बांधलेला, हेच तत्त्व तेथे इंग्रजीत लिहिले गेले.

घरातील शिशाच्या रंगाबद्दल अमेरिकेने १९९२ मध्ये स्वतंत्र कायदा केला. १९७८ पूर्वीचे घर विकताना किंवा भाड्याने देताना त्यातील शिशाविषयी जे माहीत असेल ते सांगावे लागते आणि खरेदीदाराला तपासणीसाठी दहा दिवस द्यावे लागतात. जाणूनबुजून न सांगणाऱ्याकडून नुकसानीच्या तिप्पट भरपाई घेता येते. कर्जवसुलीच्या लिलावाला या नियमातून सूट आहे. पण लिलावात ते घर बँकेने स्वतःच घेतले आणि पुढे दुसऱ्याला विकले, तर त्या विक्रीला सूट नाही. तेथे बँक ही इतर मालकांसारखीच मालक.

विश्वस्तांची गोष्ट

कर्ज देणाऱ्यापेक्षा विश्वस्ताचा प्रश्न आपल्या अधिक जवळचा आहे. बार्शीटाकळीसारख्या गावात मुले जेथे जमतात त्या इमारती बहुधा कोणा एकाच्या मालकीच्या नसतात. शाळा शिक्षणसंस्थेची, वसतिगृह मंडळाचे, धर्मशाळा देवस्थानची. देवस्थानच्या चाळीत भाडेकरू कुटुंबेही राहतात. मग जाब विचारायचा कोणाला? अध्यक्ष म्हणतात, ‘इमारत माझी नाही, संस्थेची आहे.’ संस्था म्हणजे कोण, असे विचारले तर बोट कागदाकडे जाते.

कायदा मात्र विश्वस्ताला असा नामानिराळा राहू देत नाही. खासगी न्यासांसाठी १८८२ चा भारतीय न्यास अधिनियम आहे. त्याच्या कलम १५ प्रमाणे विश्वस्ताने न्यासाची मालमत्ता सामान्य शहाणा माणूस स्वतःची मालमत्ता सांभाळील तितक्याच काळजीने सांभाळावयाची असते. सार्वजनिक संस्थांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम लागू आहे. जुन्या पिढीला तो १९५० चा मुंबईचा कायदा म्हणून ठाऊक आहे. त्याप्रमाणे संस्थेचा पैसा आणि मालमत्ता तिच्या उद्दिष्टांसाठीच वापरणे हे विश्वस्ताचे कर्तव्य आहे आणि कर्तव्यात सतत कसूर करणाऱ्या विश्वस्ताला धर्मादाय आयुक्त दूर करू शकतात. मुलांना शिकविणे हे ज्या संस्थेचे उद्दिष्ट, तिच्याच खिडक्या मुलांची बुद्धी खात असतील, तर याहून मोठी कसूर कोणती?

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्याने तर ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येतच विश्वस्ताला ओढले आहे. ज्याच्या नावावर घर आहे तो मालक आणि विश्वस्त, मृत्युपत्राचा व्यवस्थापक किंवा मुखत्यार या नात्याने ज्याच्या हाती घराचा कारभार आहे तोही मालक. सहा वर्षांखालील मूल राहत असलेल्या जुन्या घरातील शिशाचा धोका मालकाने दूर केला नाही आणि त्या मुलाला बाधा झाली, तर भरपाई त्याच्यावर येते. मग विश्वस्ताने स्वतःच्या खिशातून भरावयाचे काय? वर सांगितलेल्या १९९६ च्या अमेरिकी कायद्याने जागेच्या प्रदूषणापुरता एक समतोल साधला आहे. सामान्यतः जबाबदारी न्यासाच्या मालमत्तेपुरतीच. पण विश्वस्ताचा स्वतःचा हलगर्जीपणा असेल, तर त्याची झळ त्याला स्वतःला. समाजकार्यासाठी विनावेतन झटणाऱ्या माणसाला हे जड वाटेल. पण मुलाच्या बाजूने पाहिले तर विष पगारी माणसाच्या इमारतीतले की मानद विश्वस्ताच्या इमारतीतले, याने काही फरक पडत नाही.

‘मला माहीत नव्हते’

येथवर एक सूत्र हाती लागते. जबाबदारी कागदावरच्या नावामागे जात नाही. ती ताब्यामागे जाते. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्याने रंग-कारखानदारांविरुद्ध खटला भरला होता. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये कारखानदारांना याच कारणाने मोकळे केले, की मुलांना इजा झाली तेव्हा तो रंग त्यांच्या ताब्यात नव्हता. सगळीकडे असे झाले नाही. कॅलिफोर्नियातील खटल्यात तीन कंपन्यांना अखेर २०१९ मध्ये ३० कोटी ५० लाख डॉलर देण्याचे मान्य करावे लागले. पण कारखानदार सापडो वा न सापडो, आज ज्याच्या हाती किल्ली आहे तो तर सुटूच नये.

तरीही ‘मला माहीत नव्हते’ ही ढाल उरतेच. अमेरिकेच्या १९९२ च्या कायद्यालाही ती पुरती फोडता आली नाही. कारण त्यात माहीत असेल ते सांगण्याची सक्ती आहे, तपासून पाहण्याची नाही. आपल्याकडे मात्र सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा एक निर्णय या बाबतीत मननीय आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातील सुमारे ऐंशी वर्षांचा घंटाघर १९५१ मध्ये कोसळला आणि माणसे दगावली. घंटाघर दिल्ली नगरपालिकेच्या मालकीचा. दोष आतला होता, वरून दिसत नव्हता, असा बचाव करण्यात आला. न्यायालयाने तो मानला नाही. इमारत पूर्णपणे तुमच्या ताब्यात होती, ती जुनी झाली होती आणि तिची वेळोवेळी तपासणी करणे तुमचे काम होते. दोष उघड असो की छुपा, जबाबदारी तुमचीच, असा त्या निर्णयाचा आशय आहे.

हा निर्णय रस्त्याने जाणाऱ्यांविषयीचा आहे. घरात राहणाऱ्या भाडेकरूच्या मुलाला तो जशाच्या तसा लागू नाही, असा युक्तिवाद विरुद्ध बाजूचा वकील करीलच. कलम ७६ मधील कर्तव्य गहाण ठेवणाऱ्याप्रती आहे आणि कलम १५ मधील लाभार्थ्याप्रती, हेही तो दाखवून देईल. हे आक्षेप पोकळ नाहीत. कायद्याचे हे तुकडे अद्याप कोणी एकत्र शिवलेले नाहीत. मात्र घंटाघराच्या निर्णयातील विचार पुढे नेण्याजोगा आहे. जुन्या इमारतीचा ताबा ज्याच्याकडे, तपासून पाहणे त्याचे काम. न तपासणे ही सबब नव्हे, तीच चूक आहे.

आपण काय करावे?

मूल आजारी पडेपर्यंत वाट पाहून मग कोर्टात जाणे हा उपाय नव्हे. हानी भरून येत नाही. भरपाईचा पैसा गेलेली बुद्धी परत आणीत नाही. म्हणून आधीच दोन गोष्टी करता येतील.

पहिली गोष्ट घरगुती आहे. दिवाळी किंवा लग्नकार्य आले की रंगारी जुना ऑईलपेंट कोरडाच घासतो किंवा दिव्याच्या ज्योतीने जाळून काढतो. जुन्या रंगाच्या बाबतीत दोन्ही रीती घातक आहेत. कारण त्यांनी विष हवेत उडते. घासायचेच तर ओले करून घासावे, मुले व गरोदर बाई यांना तोवर दुसरीकडे ठेवावे, पोपडे गोळा करावेत आणि जमीन झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसून घ्यावी. रंगाऱ्यानेही तोंडाला फडके बांधावे आणि हात धुऊनच जेवावे. त्याच्या घरीही मुले असतात. नवा रंग घेताना डब्यावर शिशाच्या मर्यादेचा उल्लेख आहे काय ते पाहावे आणि कारखान्याच्या यंत्रांसाठीचा रंग स्वस्त मिळतो म्हणून घराला लावू नये. २०१६ ची मर्यादा त्याला लागू नाही.

दुसरी गोष्ट कायद्याची आहे आणि ती आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना सहज जमेल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातच एक दिवस गावातील बालवाड्या, शाळा आणि वसतिगृहे यांच्या दारे-खिडक्या पाहण्यासाठी काढावा. २०१७ पूर्वीचा ऑईलपेंट कोठे आहे, तो कोठे सुटतो आहे, मुलांचा हात कोठे पोहोचतो, याची नोंद करावी. रंगाचा तुकडा प्रयोगशाळेत तपासता येतो. मग ती नोंद एका साध्या अर्जासोबत संस्थेच्या विश्वस्तांना द्यावी, घर बँकेच्या ताब्यात असेल तर बँकेला द्यावी, भाड्याचे असेल तर मालकाला द्यावी आणि पोच घ्यावी.

अर्जात कोणाला दूषण देण्याचे कारण नाही. पुष्कळ विश्वस्तांना हे खरोखरच माहीत नसते आणि कळल्यावर त्यांतले बरेच जण खिडकी ओली घासून नव्याने रंगवून घेतील. खर्च थोडका असतो. पण जो ऐकणार नाही, त्याच्या बाबतीतही तो अर्ज वाया जात नाही. आपल्या कायद्यात ‘माहीत असेल तर’ या तीन शब्दांवर सगळे अडते, हे आपण पाहिले. अर्जावर आवक क्रमांक आणि तारीख पडली, की त्या दिवसापासून मालकाला, बँकेला आणि विश्वस्ताला माहीत आहे.